मेणाची खिडकी

मी कापडावर मेण ओतून पोट भरते, असं सांगितलं की परभणी जिल्ह्यात माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या शेजारच्या माणसाकडे बघतात. त्याने मान हलवली तरच त्यांना खरं वाटतं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधली ही बंगालीण मासे खाते, संध्याकाळी शंख फुंकते, इथपर्यंत त्यांनी मला सांभाळून घेतलं. पण चांगल्या पांढऱ्या कापडावर मेण सांडायचं, तेही मुद्दाम, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, हे जरा अति होतं.

तर आधी ओळख. आम्ही मूळचे सीमेपलीकडच्या, बंगालातल्या खुलन्याकडचे. मी नऊ वर्षांची असताना आमचं घरदार दोन ट्रंका आणि एक पितळी हंडा एवढ्यावर आलं आणि ते घेऊन वडील पूर्णा जंक्शनवर उतरले, कारण काका इथल्या लोको शेडमध्ये फिटर होते. आमच्या गावी परसदारी नदी होती, बाराही महिने भरलेली. इथे उन्हाळ्यात पुलावर उभं राहून आईने विचारलं, "नदी कुठे आहे?" काका म्हणाले, "सुट्टीवर गेलीय. जूनमध्ये कामावर येते."

मराठी मी शाळेत लिहायला शिकले आणि नळावर भांडायला शिकले. यातलं दुसरं शिक्षण जास्त पक्कं झालं. बाटिक, म्हणजे हे मेणाचं काम, मात्र शिकले ते बंगालात बोलपूरला, मावशीकडे. मावशीच्या अंगणात दिवसभर मेणाची पातेली चढलेली असायची आणि तिच्या हाताला सगळे रंग एकदम असायचे. दोन वर्षं तिच्याकडे राहून परत आले, रेल्वेतल्या एका बंगाली गार्डशी लग्न केलं आणि पूर्णेतच क्वार्टरच्या मागच्या पडवीत चूल मांडली. आमचे गार्डसाहेब हिरवं आणि लाल हे दोनच रंग ओळखतात. बाकीच्या रंगांची जबाबदारी त्यांनी कायमची माझ्यावर टाकली.

हा धंदा उलट्या चालीचा आहे. चित्रकार जिथे रंग हवा तिथे रंग लावतो. आम्ही जिथे रंग नको तिथे आधी मेण लावतो. पांढरं राहायचं तेवढं मेणाने झाकायचं आणि कापड पिवळ्यात बुडवायचं. पिवळं राहायचं ते झाकायचं आणि तांबड्यात बुडवायचं. असं करत करत शेवटी गडद निळा किंवा काळा. प्रत्येक वेळी कापड जास्त जास्त कुरूप दिसत जातं. गिऱ्हाईक मध्येच आलं तर त्याला पडवीत येऊ द्यायचं नाही, नाहीतर ते हाय खातं. सगळ्यात शेवटी कापड मोठ्या घंगाळात उकळायचं. मेण वर तरंगून येतं, कापडाला न धरलेला कच्चा रंगही त्याच उकळीत निघून जातो आणि चित्र एकदम समोर येतं. इतक्या वर्षांत हजारदा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी मी अजून टाळी वाजवते. शेजारच्यांना वाटतं, गार्डसाहेबांना बढती मिळाली.

यात एक गंमत अशी की बुडवताना कापड चुरगळतं, मेण तडकतं आणि त्या तड्यांतून रंग आत शिरतो. चित्रावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. जाणकार माणूस त्या रेषांसाठी बाटिक घेतो. आमच्याकडे जाणकार माणूस नव्हता. माझा पहिला गणपती चुडाव्याच्या एका शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी परत आणला. "बाई, ह्याला तडे गेलेत. खंडित मूर्ती घरात ठेवत न्हाईत."

मी त्याला मावशीचं सगळं शास्त्र सांगितलं. तो ऐकत होता, पण गणपती माझ्याच मांडीवर ठेवलेला होता. शेवटी वैतागून मी विचारलं, "काका, तुमच्या शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात का?"

"मंग? काळी जमीन हाय. पाय जाईल एवढ्या पडतात."

"आणि ज्या शेताला पडत नाहीत?"

"ते कसलं शेत? मुरूम हाय तो."

मी गणपतीवरच्या रेषांवर बोट ठेवलं. त्याने गणपतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गणपती काखोटीला मारला आणि म्हणाला, "बंगालीण लय वस्ताद हाय." तेव्हापासून मी भेगांचा खुलासा कधीच करत नाही. गिऱ्हाइकाचं रान कोणतं, तेवढं विचारते.

आता शांताबाईंची ओळख. त्या नसत्या तर हा धंदा पहिल्याच उन्हाळ्यात वितळला असता. मेण माझं, रंग शांताबाईंचा. त्या चुडाव्याहून रोज सकाळच्या पॅसेंजरने यायच्या. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, अंगाने निम्म्या आणि आवाजाने दुप्पट. घरची माणसं छप्पन साली बौद्ध झालेली. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद, कधी गाड्याच नाहीत. वातावरण असं की शेजारी शेजारी राहणारी माणसंसुद्धा एकमेकांच्या दारातला रंग तपासायची. एकदा एक सधन गिऱ्हाईक लग्नाच्या कापडाची ऑर्डर द्यायला आलं आणि त्याने पडवीकडे मान वळवून मला हळूच विचारलं, "हे कुणाच्या हातचं असतं?"

हळूच विचारलं तरी शांताबाईंना ऐकू गेलं. रंगाने कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन त्या दारात आल्या. "रंग माझ्या हातचा, मेण बाईच्या हातचं. कोणतं काढून देऊ ते सांगा."

गिऱ्हाईक गेलं. तशी चार-दोन गेली. दोन मात्र परत आली, कारण तसा निळा जिल्ह्यात दुसरीकडे मिळत नव्हता. शांताबाईंनी त्यांच्याकडून ऑर्डर घेताना त्यांना पडवीत बसवून चहा पाजला. कपबशी स्वतःच्या हाताने दिली आणि शेवटचा घोट जाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

लग्नाचं कापड म्हणजे अंतरपाट. हा धंदा मला अज्ञानातून सापडला. आमच्यात नवरीच्या तोंडासमोर विड्याची पानं धरतात, भाऊ तिला पाटावर बसवून नवऱ्याभोवती फिरवतात आणि मग ती पानं बाजूला करून त्याच्याकडे बघते. इकडे पहिल्यांदा लग्नाला गेले, तेव्हा नवरा-नवरीच्या मध्ये दोघांनी एक जुनं उपरणं ताणून धरलेलं पाहिलं. हळदीचे डाग, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. मला वाटलं, कुणी मंडपात आंघोळीला बसलंय. नंतर शेजारणीने समजावलं की मंगलाष्टकं संपेपर्यंत एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून हा आडपडदा. माझ्या डोक्यात लगेच सूर्य उगवला. सगळ्या वऱ्हाडाची नजर ज्या कापडावर तेवढा वेळ खिळलेली असते, ते जुनं उपरणं का म्हणून?

पहिला अंतरपाट मी शेजारणीच्या मुलीला फुकट दिला. निळ्या रंगात समोरासमोर दोन मोर, मध्ये कमळ. त्यानंतर मला मागे वळून बघायला वेळ मिळाला नाही. पूर्णा, परभणी, जिंतूर, लग्नसराईत आमच्या पडवीत मोरांचा नुसता थवा. दुसरं काही सुचवलं तर आया म्हणायच्या, "न्हाई बाई, मोरच. पाटलाच्या पोरीला मोर हायत ना?"

अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर जिंतूरकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले. गावाचं नाव सांगत नाही, सोयरीक अजून नांदती आहे. त्यांना सगळे आबा म्हणत. मुलगी द्वारका. आबांनी मोर पसंत केले, "रंग पक्का पायजे" असं तीनदा बजावलं आणि बाहेरच्या खोलीत गार्डसाहेबांशी रेल्वेच्या वेळापत्रकावर वाद घालायला बसले. द्वारका रंग बघायला म्हणून आत राहिली. आबांचा आवाज पुरेसा चढला, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, ह्या कापडातून दिसतं का?"

"काय दिसतं?"

"पलीकडचा."

मी मेणाचा कुंचला खाली ठेवला. शांताबाईंनी रंगाची बादली खाली ठेवली. असं काही कानावर आलं की आम्हा दोघींचे हात आपोआप मोकळे होतात.

द्वारकाने सांगितलं ते असं. मुलगी बघायला पाच जण आले होते. पाचही जण एका सतरंजीवर एका ओळीत. हिने पोह्यांचं ताट ठेवलं, मान खाली. नाव विचारलं, मान खाली. "पाच जोड्या पाय बघितले, ताई. एकाची नखं इतकी वाढलेली होती. तोच नवरा असंल तर?"

"फोटो दाखवला नाही का?" मी विचारलं.

"दाखवला की. फोटो तर आमच्या ताईच्या नवऱ्याचाबी दाखवला होता. लय देखणा फोटो. त्यांच्या पहिल्या लग्नातला होता."

शांताबाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ निळं झालं.

थोरल्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट खाली आला, तेव्हा समोर बापाच्या वयाचा माणूस उभा होता. ताईच्या हातातला हार गळून पडला. मागे मामा उभा होता. त्याने हार उचलला, तिच्या हातात दिला आणि मागून कोपर ढकललं. बस. लग्न लागलं.

"माझा हार कुणी उचलून द्यायचा न्हाई," द्वारका म्हणाली. "शेवटचं सावधान व्हायच्या आत मला तोंड बघायचंय. बरं वाटलं तर घालते हार. न्हाई तर मी खाली बसणार हाय. बसलेल्या नवरीचं लग्न लावता येत न्हाई, मी इचारून घेतलंय."

"कुणाला विचारलंस?"

"लग्न लावणाऱ्या महाराजालाच. दुसऱ्या पोरीची गोष्ट म्हणून."

"आमच्यात बरं हाय," शांताबाई म्हणाल्या. "अंतरपाटच न्हाई. बुद्धासमोर समोरासमोर उभं राहायचं, डोळ्यांत डोळा. आवडला न्हाई तर तिथंच कळतंय."

"मला पण कळू द्या की," द्वारका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती.

आता प्रश्न धंद्याचा होता. बाटिकला कापड पातळच लागतं, नाहीतर मेण आरपार उतरत नाही. पण अंतरपाट मी दुहेरी रंगवून वर खळ द्यायची, त्यामुळे त्यातून मुंगीही दिसत नसे. सगळंच कापड विरळ ठेवलं, तर चारशे माणसांना दिसणार. मी विचार करत होते, तेवढ्यात शांताबाईंनी तोडगा काढला.

"बाई, कमळातलं मेण ठेवा की तसंच. भज्याचा कागद तेलकट झाला की आतलं भजं दिसतं ना? तसा दिसंल नवरा."

मेण प्यायलेलं पातळ कापड खरोखरच काचेच्या भावंडासारखं होतं. म्हणजे बाकीचा अंतरपाट नेहमीसारखा, फक्त कमळाच्या गाभ्यात तळहाताएवढी खिडकी. द्वारकाला भिंतीशी उभं करून शांताबाईंनी तिच्या डोळ्यांपाशी खडूची रेघ मारली. मोजमाप झालं. बाहेर आबा विचारत होते, "किती उशीर, रंग निवडायला?" शांताबाईंनी आतूनच सांगितलं, "आयुष्याचा रंग हाय, आबा!"

अडचण एकच होती. खिडकीतलं मेण ठेवायचं, तर कापड उकळता येणार नाही. मग बाकीचं मेण काढायला दुसरी रीत वापरली. खाली-वर रद्दी घालून गरम इस्त्री फिरवायची, कागद मेण पिऊन टाकतो. त्या वर्षीच्या रद्दीत नामांतराच्या बाजूने आणि नामांतराच्या विरोधात अशा दोन्ही बातम्या भरपूर होत्या. मेण दोन्हींनी सारखंच प्यायलं.

आणि चाचणी घेतली. जेवायला बसलेल्या गार्डसाहेबांच्या तोंडावर मी तो अंतरपाट धरला. मिशीचा केस न् केस दिसला, मिशीत अडकलेलं भाताचं शीतही दिसलं. मी टाळी वाजवली. इथे मी जी चूक केली, ती तुमच्या लक्षात आली असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

मे महिन्यात मेणाची वस्तू घेऊन पूर्णेहून जिंतूरपलीकडे जाणं म्हणजे खिशात बर्फ घालून पाहुण्याकडे जाण्यासारखं. घडी घातली तर मेण चिकटेल, म्हणून अंतरपाट बांबूवर गुंडाळला, वर ओलं गोणपाट. परभणीपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. कंडक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या शंखाच्या बांगड्यांकडे पाहिलं आणि खिडक्या उघडायला सुरुवात केली.

"मासळी न्हाई हो, दादा," शांताबाई म्हणाल्या. "मोर हायत."

"मंग तर आणखी वाईट," कंडक्टर म्हणाला.

वाटेत पोलिसांनी गाडी अडवली. त्या दिवसांत हे नेहमीचंच होतं. कुठे काही झालं की नाक्यानाक्यावर तपासणी. आणि त्यांना नेमकं हवं असतं तसंच आमच्याजवळ होतं, बांबूला गुंडाळलेलं कापड. हवालदाराने आम्हाला खाली उतरवलं.

"काय लिहिलंय ह्याच्यावर? व्हावं म्हणून, का होऊ नये म्हणून?"

"व्हावं म्हणून," मी म्हणाले.

"काय व्हावं?"

"लग्न."

त्याने ते रस्त्याकडेला उलगडायला लावलं. भर उन्हात! खिडकीतलं मेण घाम आल्यासारखं चमकायला लागलं. हवालदार दोन्ही मोरांकडे बराच वेळ बघत राहिला. 

"ही कोणत्या पार्टीची खूण?"

"एक नवऱ्याकडचा मोर, एक नवरीकडचा," शांताबाई म्हणाल्या. "दोघांचं आजपत्तर जमतंय. लवकर सोडा, साहेब, उन्हानं त्यांचं बिनसंल."

हवालदार हसला. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं आणि आम्हाला गाडीत बसवलं. "आमच्या पोरीचं औंदा करायचंय," जाता जाता तो म्हणाला. "असलंच एक लागंल."

मांडवात पोचलो तेव्हा गोरज मुहूर्ताची घाई चालू होती. मी अंतरपाट महाराजांच्या हाती दिला आणि बायकांच्या गर्दीत अशी जागा धरली की बाजूने दोन्हीकडचं दिसावं. शांताबाई मला चिकटून. हातात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता. नवरा मुंडावळ्या, शेला आणि टोपी यांच्या आत कुठेतरी होता. पाय दिसत होते, पण बुटात.

द्वारका आली. आणि तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला तो मामा. तोच. बायकांच्या कुजबुजीतून कळलं, बहिणीचा हार उचलणारा. त्याने अगदी सराईतपणे एक हात मोकळा ठेवला होता.

अंतरपाट ताणला. एका टोकाला महाराज, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचे मेहुणे. मंगलाष्टकं सुरू झाली. कमळ द्वारकाच्या डोळ्यांसमोर बरोबर आलं होतं. शांताबाईंच्या खडूला तोड नाही. द्वारका बघत होती. बघतच होती. पहिलं सावधान झालं. तिने डोळे बारीक केले. दुसरं झालं. तिने मान वाकडी केली, मग सरळ केली. आणि मग तिने बायकांच्या गर्दीत माझ्याकडे अशी नजर टाकली की माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

मेणकापड वस्तूवर टेकलं तरच आरपार दिसतं! कागद भज्याला चिकटलेला असतो म्हणून भजं दिसतं. गार्डसाहेबांच्या तोंडावर मी कापड दाबून धरलं होतं. इथे नवरा हातभर लांब होता. द्वारकाला दिसत होतं ते फक्त धुकं आणि धुक्यात एक टोपी.

"शांताबाई," मी कानात म्हणाले, "दिसत नाहीये तिला."

"आता?"

आता काय? मंगलाष्टकं म्हणायला एक उत्साही मावशी पुढे सरसावली होती. इतर वेळी अशा मावश्यांचा मला राग येतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात तिला आणखी दहा कडवी आठवावीत म्हणून नवस बोलले. मावशी गात होती. महाराजांचे हात दुखायला लागले होते. अंतरपाट बोटाबोटाने खाली सरकत होता. आणि त्याच्याबरोबर द्वारकाही खाली जाऊ लागली. गुडघे वाकले. आणखी वाकले.

"बसली!" शांताबाईंनी माझा दंड असा धरला की त्यांच्या बोटांची निशाणी चार दिवस राहिली. "बाई, पोरगी बसली!"

मागच्या मामालाही ते दिसलं. त्याचा मोकळा हात तिच्या काखेखाली घालायला पुढे आला. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. आणि तेवढ्यात ती थांबली. ती बसत नव्हती. खिडकी खाली गेली म्हणून तीही खाली गेली होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं, मामाचा हात हवेत राहिला आणि तिने सगळ्या मांडवासमोर आपला एक डोळा कमळाला लावला.

पलीकडे काय झालं असेल, कल्पना करा. बिचारा नवरा मुंडावळ्यांतून समोर बघतोय आणि दोन मोरांच्या मधल्या कमळात एकाएकी एक डोळा उघडला. काजळ घातलेला, पापण्यांसकट.

मला त्याचे खांदे दिसत होते. ते आधी दचकले. मग हलायला लागले. तो हसत होता. त्याने मान जरा पुढे केली, काहीतरी पुटपुटला आणि पुढच्याच क्षणी अंतरपाट द्वारकाच्या बाजूला फुगला. मधोमध एक टेंगूळ आलं. टेंगूळ म्हणजे नाक. चांगलं ठसठशीत, भरघोस नाक. नवऱ्याने आपलं तोंड पलीकडून कमळावर दाबलं होतं.

बायकांतून एक किंकाळी, पुरुषांतून एक हशा. मावशी कडवं विसरली. महाराज ओरडले, "अहो, मागं सरा! मागं सरा!" आणि गडबडीने शेवटचं सावधान म्हणून टाकलं. ताशा कडाडला, अक्षता उडाल्या, अंतरपाट बाजूला झाला.

नवऱ्याचं नाक निळं होतं. द्वारकाची एक भुवई आणि अर्धा गाल निळा होता. कापड उकळलेलं नव्हतं ना. सगळा कच्चा रंग घामाची वाटच बघत बसला होता.

 निळ्या नाकाचा नवरा आणि निळ्या गालाची नवरी एकमेकांकडे बघत होती. हार तिच्या हातात होता. मामा मोकळ्या हाताला काम द्यायचं म्हणून पुढे सरकला. द्वारकाने मागे न बघता त्याला कोपराने मागे सारलं, टाचा उंच केल्या आणि हार स्वतः, सावकाश, नवऱ्याच्या गळ्यात घातला. टोपी सरकली होती, ती पण सरळ करून दिली.

नवऱ्याची आई मात्र तापली. "हे काय म्हणायचं? लग्नात काळं-निळं तोंड?"

"मावशी, तीट हाय ती," शांताबाईंनी गर्दीतून आवाज टाकला. "लेकराला तीट लावतात ना? एवढा देखणा जोडा, दृष्ट लागंल म्हणून लग्नातच लावून घेतली. ह्या कापडाचं वैशिष्ट्यच हाय ते."

त्या बाईने क्षणभर विचार केला आणि मुलाच्या नाकाकडे कौतुकाने पाहिलं. तोवर आबा माझ्यासमोर येऊन उभे. "बाई! रंग पक्का म्हणला होता तुमी!"

"पक्काच आहे, आबा," मी म्हणाले. "बघाच तुम्ही. आठ दिवस जाणार नाही."

पंगती बसल्यावर मी द्वारकाला गाठलं. गालावर साबण घासून घासून तिने निळ्याचं जांभळं केलं होतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काय खिडकी केली, ताई! धुकं नुसतं!"

"मग काय दिसलं?"

"शेवटी नाक दिसलं. सगळं नाकच."

"आणि नाकावरून ठरवलंस?"

तिने ताटातला बुंदीचा लाडू फोडला.  आजूबाजूला पंगतीचा गलका चालला होता. मग म्हणाली, "नाकाच्या आधी ते बोलले. 'दिसायलंय का?' म्हणाले. 'न्हाई तर जवळ येतो.'" तिने लाडवाचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "आजवर घरात मला कुणी इचारलं न्हाई, ताई, तुला दिसायलंय का म्हणून. मंग कशाला बसू?"

आता तयार अंतरपाट बाजारात मिळतात. चमचमते, टिकल्या लावलेले, जाड. त्यातून काही दिसत नाही आणि रंगही जात नाही. माझ्याकडच्या ऑर्डरी कमी झाल्या आहेत. शांताबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या आठवड्यातून दोनदाच येतात आणि उरलेले दिवस त्यांच्यावाचून रंगाला चव येत नाही. त्या थोरल्या बहिणीचा विचार कधी कधी मनात येतो. तिच्या लग्नाच्या वेळी मी पूर्णेतच होते. मोरही काढत होते. फक्त तिला आमचं दार माहीत नव्हतं.

पण द्वारकाच्या लग्नानंतर मी धंद्याची रीत बदलली ती बदललीच. मेणाची खिडकी जमली नाही, म्हणून पुढच्या खेपेला शांताबाईंनी आणि मी कमळाच्या गाभ्यातले चार धागे सुईने ओढून काढून पाहिले. त्यातून हातभर लांबचं स्वच्छ दिसतं आणि रंगही लागत नाही. ऑर्डर घ्यायला मुलीचा बाप आला की मी त्याला नम्रपणे बसवते, पाणी देते आणि सांगते, मुलीला एकदा पाठवून द्या. बापाला मी रंग विचारते, मुलीला उंची.